फों-झाबोकावर फेकलेलं टोक

ईस्टरच्या रविवारी दुपारी शिट्टी रोझमेनच्या गळ्यात होती. संध्याकाळी ती तिथेच राहील की नाही, हे फों-झाबोका ठरवणार होतं. फों-झाबोका म्हणजे आमचं गाव. गाव हैतीत, आम्ही मायामीत, मधे समुद्र आणि एक फोन.

मेळा म्हणजे ईस्टरला रस्त्यानं गात-वाजवत निघणारी आमची टोळी, आणि शिट्टी म्हणजे मेळ्याचा लगाम. जिच्या गळ्यात शिट्टी, तिनं गाणी रचायची, तिनं मेळा चालवायचा, वळवायचा, थांबवायचा. आमच्या मेळ्याचं नाव 'चिडकी मधमाशी'. गावातही याच नावाचा मेळा आहे, तो मूळचा. तिथे शिट्टी रोझमेनच्या आईकडे होती. इथे रोझमेनकडे आली, आणि तिच्याकडून कुणी मागितली नाही. गुरुवारपर्यंत.

तर गुरुवारपासून सांगतो.

•

गुरुवार. टायरच्या दुकानामागची मोकळी जागा, जिथे आम्ही दर ईस्टरला सराव करतो.

मी ओनेल. दिवसा दुसऱ्या अव्हेन्यूवर छोटी बस चालवतो, आणि मेळ्यात पोंगा वाजवतो. गावाकडे पोंगे बांबूचे असतात. इथे बांबू मिळतो तो शोभेच्या कुंडीत, करंगळीएवढा. म्हणून आमचे पोंगे नळकामाच्या पांढऱ्या पाइपाचे. एका पोंग्यातून एकच सूर निघतो. माझा पोंगा एकटा वाजवला तर लोक विचारतात, गाय कुठे बांधली आहे? पण पाच जणांनी आपापला सूर आपापल्या जागी टाकला की त्यातून चाल उभी राहते, आणि मग पाय कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

रोझमेन आली ती कामावरून थेट, डोक्याला जाळी तशीच. ती एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहे. मोठ्या पातेल्यात भात ढवळता ढवळता गाणी रचते. म्हणाली, "नवीन गाणं आहे. गावावर आहे."

"छान! डोंगरावर?" मेझिदोरांनी विचारलं.

तोंतों म्हणजे काका; मेझिदोर हे आमच्या फों-झाबोका मंडळाचे अध्यक्ष. गावात मास्तर होते. इथल्या अर्ध्या मेळ्यानं त्यांच्या हातची पट्टी खाल्लेली आहे, त्यामुळे ते आले की पन्नाशीची माणसंही पोंगा पाठीमागे लपवतात. उन्हाळा असो नसो, अंगात पांढरा सूट.

"डोंगरावर नाही, तोंतों," रोझमेन म्हणाली. "पंपावर."

पंप हे आमचं गळू होतं.

पाण्याचा पंप, मंडळानंच गावाला पाठवलेला. दोन वर्षं आम्ही मासे तळले, भात विकला, नाच ठेवले, तेव्हा पंप झाला. बोटीतून गेला, खेचरावरून गेला, गावात पोचला आणि तिथेच बसला. गावाच्या मधून नदी जाते. अलीकडचे म्हणाले पंप अलीकडे हवा, पलीकडचे म्हणाले पलीकडे. तेव्हापासून तो पाद्रीबाबांच्या पडवीत खोक्यात होता. वर कोंबड्या बसत होत्या. असा शेवटचा निरोप आला होता, मागच्या पावसाळ्यात.

"हे गाणं होणार नाही," मेझिदोर म्हणाले. "देश जमिनीवर आडवा पडलाय. जो येतो तो लाथ घालतो. वर्तमानपत्रं घालतात, टीव्ही घालतो, विमानतळावरचा शिपाईसुद्धा पासपोर्ट बघून तोंड वाकडं करतो. आणि आता आपणही घालायची? भर रस्त्यात? गोरे लोक फोन काढून उभे असतात, त्यांच्या समोर?"

"आई पडली की लाथ घालत नाहीत, तोंतों. पण 'ऊठ' तर म्हणतात ना? आणि ऐकू जायला ओरडूनच म्हणावं लागतं."

"तू कुठून ओरडणार? इथून. पोटभर जेवून."

"मग काय उपाशी राहून ओरडू? आवाज तरी निघेल का?"

ढोलवाला हसला. मेझिदोरांनी त्याच्याकडे पाहिलं. तो हसायचा थांबला.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात भांडण तोंडावर करत नाहीत. गाण्यातून टोक फेकतात. नाव घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही, नुसतं गायचं. ज्याला टोचेल तो उचलेल. आणि ज्यानं उचललं त्यानं कबूल केलं. खाई त्याला खवखवे. मग त्याला सुटकेचा एकच मार्ग: उलट टोक फेकायचं, त्याच चालीवर. आणि कुणीच उचललं नाही, तर गाणं रस्त्यात पडतं. पडलेल्या गाण्यासारखी लाज नाही.

"नुसतं ऐका तरी," रोझमेन म्हणाली, आणि पंपाच्या गाण्याऐवजी घसा साफ करायला म्हणून एक सुटी ओळ गायली:

*कोंबडा चढला उकिरड्यावर, छाती काढून उभा,*
*आपलंच नाव आरवतो, भरवा म्हणतो सभा!*

"हे माझ्याबद्दल आहे!" मेझिदोर कडाडले.



मग ढोलवाल्यानं एकच थाप मारली. *ढुम.*

"उचललं!" कुणीतरी ओरडलं. "तोंतोंनी उचललं!" आणि टायरचं दुकान हसण्यानं हललं. एक बाई हसता हसता टायरांच्या उतरंडीवर बसली ती आत गेली, तिला दोघांनी ओढून काढलं.

रोझमेन मात्र हसत नव्हती. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. "आईशपथ, तोंतों, मी गावातल्या त्या पलीकडच्या पुढाऱ्यावर फेकलं होतं. तो पडवीसमोर उभा राहून भाषणं करतो ना, त्याच्यावर."

पण मेझिदोरांना का टोचलं ते आम्हांला माहीत होतं. पंपाबरोबर संगमरवरी पाटी गेली होती. पाटीवर मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, मेझिदोर. पाटीचं खोकं पंपाच्या खोक्यापेक्षा जड होतं. खेचरवाल्यानं तेव्हाच विचारलं होतं म्हणे, या दोघांतलं पाणी कुठलं काढतं?

मेझिदोर कोटाची बटणं लावत राहिले, लागलेली होती तीसुद्धा. उचललं म्हटल्यावर आता गाणं बंद करता येईना. केलं असतं तर गाव म्हणालं असतं, कोंबडा घाबरला. मास्तर होते, रीत त्यांनाही बांधून होती.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "गा. रविवारी गा. पण लपूनछपून नाही. गावाला फोन लावायचा, आणि त्यांच्या तोंडावर गायचं. तुझं टोक त्यांनी उचललं, उलट फेकलं, तर तू म्हणशील ते. आणि नाही फेकलं, दुखावून गप्प बसले, फोन ठेवून दिला," त्यांनी हात पुढे केला, "तर शिट्टी इथे."

"आणि मग मेळा?"

"मग मेळा डोंगरावरची गाणी गाईल."

रोझमेननं शिट्टी मुठीत धरली. म्हणाली, "कबूल."

•

शुक्रवार. माझी बस. नावं सांगत नाही, ऐकू आलं ते सांगतो.

— तिथला आंबा! इथला आंबा त्याच्यापुढे मेणबत्ती.

— आंबा खायला माणूस जिवंत राहायला हवा ना तिथे.

— तोंड सांभाळ, शुभशुक्रवार आहे.

— मग काय, मंगळवारी बोलू? मंगळवारी खरं असतं का?

— माझ्या भावाला सांगितलं, तू निघ. तर म्हणतो, सगळे निघाले तर दिवा कोण विझवणार? मी म्हटलं, अरे दिवा आहे कुठे, वीज गेल्याला वर्ष झालं!

— (हशा.)

— हसू नका हो. रडायला येतं.

— रडत रडत हसा, तिकीट तेवढंच.

— आम्ही पहिलं स्वातंत्र्य दिलं, साऱ्या जगाला. काळ्या माणसानं साखळी तोडली ती आमच्या मातीत.

— आणि तोडल्यापासून तिचे तुकडे कुणाचे यावर भांडतोय.

— ड्रायव्हर, हिला पुढच्या थांब्यावर उतरव.

— उतरते. पण माझंही गाव आहे म्हटलं. शिव्या द्यायचा हक्क माझाही आहे.

मग रोझमेन चढली. हातात मासळी आणि बीटची जुडी. माझ्या मागच्या सीटवर बसली. तीन थांबे गेले.

"ओनेल."

"हं."

"लुनिझनं मला काय म्हटलं, मी सांगितलंय तुला?"

लुनिझ ही तिची आतेबहीण. गावातच राहिली. लहानपणी दोघी रोझमेनच्या आईमागे एकाच ओढणीची दोन टोकं धरून मेळ्यात चालायच्या. आता गावची शिट्टी लुनिझकडे आहे. म्हणजे होती. दोन वर्षं तिकडे मेळा निघाला नव्हता. रस्त्यावर बंदूकवाले बसलेले, माणसं पांगलेली.

"काय म्हणाली?"

"पंपाचा विषय काढला मी. जरा आवाज चढवला. तर अगदी गोड आवाजात म्हणाली, 'तुम्ही नका त्रास करून घेऊ. तुम्ही आता पाहुण्या.'" रोझमेननं जुडी दुसऱ्या मांडीवर ठेवली. "मला 'तुम्ही'. लुनिझ. मला."

मी सिग्नलला थांबलो.

"शिवी दिली असती तर मी झोपले असते रे शांत," ती म्हणाली. "या शहरात मी दोन भाषांत सगळ्यांना ओरडले. घरमालकाला, साहेबाला, बँकेतल्या पोरीला. सगळे 'हो मॅडम' म्हणतात. कुणी उलटून बोलत नाही. उलटून बोलायला आपलं माणूस लागतं. पाहुण्याला कुणी उलट बोलत नाही, पाहुण्याला खुर्ची देतात."

"आणि रविवारी त्यांनी खुर्ची दिली तर?"

"तर शिट्टी ठेवून काय करू? पाहुणीच्या गळ्यात शोभेल का ती?"

हिरवा लागला. मागच्यानं हॉर्न दिला. मी खिडकीतून त्याला जे म्हणालो ते शुभशुक्रवारी म्हणू नये.

•

रविवार.

ऊन. चौपन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर माणसंच माणसं. सगळ्यांत पुढे टिकल्यांच्या झग्यातला काठीवाला, बोटांवर काठी फिरवतोय. त्याच्या मागे चाबूकवाला, रस्ता मोकळा करायला हवेत फटकारे काढतोय. मग रोझमेन, लाल ओढणी, गळ्यात शिट्टी. मग आम्ही पोंगेवाले. मग ढोल. मग सगळं जग: चर्चमधून सुटलेल्या टोपीवाल्या बायका, डुकराचं तळलेलं मांस कागदात धरून खाणारे, बापाच्या खांद्यावरची पोरं, आणि बाजूला फोन काढून उभे असलेले गोरे. मेझिदोरांनी सांगितलं होतं तसेच.

मधोमध सुपरमार्केटची ढकलगाडी, तीत कर्णा, कर्ण्याला जोडलेला फोन. गाडी स्वतः मेझिदोर ढकलत होते. पांढऱ्या सुटात. म्हणाले, पंच मी आहे, फोन माझ्या हाताखाली हवा.

फोन लागला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. लागला.

कर्ण्यातून खरखर. मग लुनिझचा आवाज: "अलो?"

"ऑनेर!" रोझमेन ओरडली. दारात उभं राहून आम्ही असंच ओरडतो. घरातल्यानं 'रेस्पे' म्हटलं तरच आत पाऊल.

खरखर.

खरखर.

"…रेस्पे," लुनिझ म्हणाली. गोड आवाजात. "बोला. सगळे ठीक ना तुम्ही?"

तुम्ही. मी रोझमेनच्या मानेकडे पाहिलं. मान ताठ झाली होती. तिनं शिट्टी तोंडात घातली, तीनदा फुंकली, आणि आम्ही सुरू झालो. *तू. तू-तू. तू.* ढोल पडले. रस्ता हलायला लागला.

*नदी मध्ये, गाव दोन, पंप एकच त्यांचा,*
*खोक्यात बसून पंप विचारी, मी नक्की कुणाचा?*

इथे काय झालं ते जसं ऐकू आलं तसं सांगतो. आवाज तिकडे जायला आणि यायला वेळ लागत होता.

आम्ही: *अलीकडचे म्हणती आमचा —*

कर्णा: (आमचीच मागची ओळ, चिरकी) *…मी नक्की कुणाचा…*

आम्ही: *— पलीकडचे म्हणती आमचा —*

कर्णा: (कुत्रं.)

आम्ही: *पोरं पितात डबक्याचं पाणी, जय हो दोघांचा!*

कर्णा: *…पलीकडचे म्हणती…*

आम्ही: *सांग फों-झाबोका, सांग गं माझे आई,*
*तहान मोठी की भांडण? उत्तर का गं नाही?*

रोझमेननं हात वर केला. पोंगे थांबले. ढोल थांबले. काठीवाल्यानं काठी छातीशी धरली. एवढी माणसं, आणि बसच्या इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागला.

कर्ण्यातून आमचा शेवटचा शब्द परत आला. *…नाही.*

मग काही नाही.

वारा. कोंबडा. कुणीतरी लहान खोकलं.

"फोन चालू आहे?" रोझमेननं विचारलं.

"चालू आहे," मेझिदोर म्हणाले.

वारा.

एक टोपीवाली बाई पुटपुटली, "दुखावले गं ते. असं बोलायला नको होतं. काय भोगतायत बिचारे."

"भोगतायत म्हणूनच," दुसरी म्हणाली.

"गप गं तू."

वारा. मेझिदोर गाडीला धरून उभे होते. त्यांनी शिट्टीकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. त्यांना आनंद झाला होता असं मला वाटलं नाही. शाळेत नापास झालेल्या मुलाचं नाव वाचताना ते असेच खाली बघायचे.

रोझमेननं दोरी गळ्यातून काढली. केसांत अडकली, सोडवली. शिट्टी हातात घेऊन ती गाडीकडे चार पावलं आली.

आणि कर्ण्यातून, अगदी लांबून, विहिरीतून यावा तसा आवाज आला:

"— मी म्हणणार पहिली ओळ! पंप आमच्या बाजूला होता आधी!"

"— तुझ्या बाजूला? तुझ्या बाजूला कोंबड्या होत्या!"

"— अगं फोन चालू आहे, बायांनो!"

"— असू दे! पहिली ओळ पलीकडची!"

"— गप्प बसा सगळ्या!" हा लुनिझचा. यात गोड काहीच नव्हतं. "पहिली ओळ माझी. धरा रे बांबू!"

भांडत होत्या! इतका वेळ उत्तर कुणी द्यायचं यावरून दोन्ही काठ भांडत होते!

मग बांबू वाजले. खरे बांबू. पाइपाचा आवाज पांढरा असतो, बांबूचा तपकिरी. दुसरा शब्द मला सुचत नाही. तीन होते फक्त, पाच हवेत तिथे. पण आमचीच चाल होती.

*मधमाशी गेली विमानानं, मध तिकडे ठेवी,*
*डंख तेवढा आमच्यासाठी फोनमधून पाठवी!*

रस्त्यानं आरोळी ठोकली. रोझमेन जागच्या जागी उभी, शिट्टी अजून तळहातावर.

*पंप धाडला, नळी विसरली, पाटी मात्र मोठी,*
*धुणं आपटून आपटून तिच्यावर नावं झाली छोटी!*

"नळी?" मेझिदोर म्हणाले. "नळी नव्हती?"

"नव्हती!" कर्ण्यातून पाचसहा बायका एकदम. त्यांनी ऐकलं होतं. लुनिझ गातच होती:

*खोकं फोडलं, पंप ठेवला हातगाडीच्या वर,*
*सोमवारी अलीकडे, मंगळवारी त्या तीरावर!*
*तुम्ही फुंकता पाण्याचे पाइप, आमचं बांबूतून पाणी,*
*सांग रोझमेन, वेडं कोण? सांग ना, शहाणी राणी!*

पंप चालू होता. किती दिवस, कुणास ठाऊक. मागच्या पावसाळ्यातलं ओरडणं आम्ही या ईस्टरला घेऊन आलो होतो, आणि त्यांनी मधल्या काळात हातगाडी शोधली होती, बांबू उभे चिरून पन्हळी केल्या होत्या, वार वाटून घेतले होते, आणि आम्हांला सांगितलं नव्हतं. का सांगावं? विचारलं होतं कुणी? आम्ही फक्त रागावलो होतो.

आणि तिनं नाव घेतलं होतं. टोक फेकताना नाव घ्यायचं नसतं. लुनिझनं भर गाण्यात, समुद्र ओलांडून, 'सांग रोझमेन' म्हटलं होतं. तिला 'सांग' म्हटलं होतं. सांगा नव्हे.

*रस्ता बंद, विमान बंद, दिवा आमचा अजून,*
*शिवी आली की कळतं बये, तूही नाहीस विझून!*

बांबू थांबले. तिकडे लोक ओरडत होते, इकडे लोक ओरडत होते, आणि मधल्या अंतरामुळे दोन्ही ओरडणी एकमेकांच्या पाठीवर चढत होती.

"पाटीचं," कुणीतरी म्हणालं, "पाटीचं कोण उचलणार?"

सगळ्या माना वळल्या. मेझिदोरांनी गाडीचा दांडा सोडला. कोट काढला, घडी केली, कर्ण्यावर ठेवला. पट्टी हातात असल्यासारखा उजवा हात वर केला.

"उचललं!" ते म्हणाले. मग मोठ्यानं, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं: "लुनिझ! पाटी मी लिहिली! मी उचललं!"

खरखर. आवाज गेला. आवाज पोचला. आणि तिकडून असं हसू आलं की कर्णा गाडीत नाचला.

"आम्हांला माहीत होतं, मास्तर!" लुनिझ म्हणाली. "पण दगड चांगला आहे हं! साबण फारसा लागत नाही!"

"नळीचं मी उचललं," टोपीवाली बाई म्हणाली. "सामान मी बांधलं होतं."

"मध तिकडे ठेवी, ते माझं," एक तरुण म्हणाला. "चार महिने फोन केला नाही आईला."

"माझंही!"

"हे घ्या, माझंही!"

हात वर जायला लागले. चौपन्नाव्या रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातच हात, आणि प्रत्येक जण ओरडतोय, मी उचललं, मी उचललं, लॉटरी लागल्यासारखा. ज्या गोष्टीची लाज वाटावी ती सांगायला माणसं एकमेकांना ढकलत होती. एक गोरा माणूस फोन खाली करून मला विचारायला लागला, हे कशाला मत देतायत? मी म्हटलं, गुन्हा कबूल करतायत. म्हणाला, कोणता? मी म्हटलं, प्रेमाचा. मग मलाच ते फार गोड वाटलं, म्हणून म्हटलं, आणि नळी विसरल्याचा.

"तोंतों," रोझमेन म्हणाली. शिट्टी तळहातावर पुढे धरलेली. "पंच तुम्ही. बोला."

"मी काय बोलणार? गाव बोललं." मेझिदोरांनी शिट्टी उचलली, दोरी सरळ केली, आणि तिच्या गळ्यात घातली. त्यांची उंची कमी पडली म्हणून ती जरा वाकली. "आता उभी काय राहिलीस? उलट फेक! आपल्यावर चढून बसलेत ते! हातगाडी म्हणतात! वार वाटून घेतलेत म्हणतात! रविवारचा वार कुणाचा, ते विचार त्यांना!"

रोझमेननं त्यांच्याकडे पाहिलं. "तोंतों, ही ओळ चांगली आहे."

"आहेच! मास्तर होतो मी!"

तिनं शिट्टी फुंकली. अशी फुंकली की तारेवरची कबुतरं गेली.

*सोमवार इकडे, मंगळ तिकडे, भारीच बाई युक्ती,*
*रविवारी पंप कुणाचा गं? की त्यालाही मुक्ती?*

आता एक गोष्ट झाली ती मी वाजवणारा म्हणून सांगतो. त्यांचे बांबू तीनच होते, आणि आमच्यापर्यंत उशिरा यायचे. रोझमेननं दोन वेळा ऐकलं, मग आम्हांला हातानं सांगितलं: थांबा, अर्धा श्वास थांबा, मग टाका. आम्ही अर्धा श्वास थांबून टाकला. आणि त्यांचा उशिरा आलेला सूर आमच्या दोन सुरांच्या मधे येऊन बसला, बस थांब्यावर लागावी तसा. चाल लंगडी झाली, पण लंगडी चाल नाचायला जास्त चांगली. टोपीवाल्या बायकांनी टोप्या काढल्या. पांढऱ्या शर्टातले मेझिदोर गाडी ढकलत ढकलत कंबर हलवत होते, आणि त्यांनी कधी काळी ज्यांना पट्टीनं मारलं होतं ती सगळी माणसं त्यांच्या मागे तशीच हलवत होती.

असे आम्ही चर्चपर्यंत आलो. तिथे पोलिसाची गाडी उभी होती. पोलीस उतरला. तरुण, छातीवरच्या बिल्ल्यावर फिलिस्तें, म्हणजे आमच्यातलाच.

"मावशी," तो रोझमेनला म्हणाला, "परवाना इथपर्यंतच. वेळही झाली."

"माझ्या हातात काही नाही रे बाळा," रोझमेन म्हणाली आणि कर्ण्याकडे बोट केलं. "त्यांना सांग."

तो वाकला. टोपी काढून वाकला, कारण तिकडे कुणीतरी मोठी बाई आहे हे आवाजावरून कळत होतं. "नमस्कार मावशी. ऑफिसर फिलिस्तें बोलतोय. मेळा इथे थांबवावा लागेल."

खरखर.

"कोण थांबवतंय माझ्या मेळ्याला?" लुनिझ म्हणाली. "तुझं गाव कुठलं रे?"

"माझी आई जेरेमीची, मावशी."

"जेरेमीची माणसं झोपेतसुद्धा कविता करतात. तू परवाना वाचून दाखवतोस? आईला सांगू?"

रस्ता खदखदला. तो ओशाळला. "परवाना चर्चपर्यंतच आहे, मावशी."

खरखर. वाट पाहिली.

"मग बरोबर आहे," लुनिझ म्हणाली. "आमचं चर्च अजून आलेलं नाही. आम्ही आता कुठे नदी ओलांडतोय. धरा गं पंप, भिजेल!"

तिकडे पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. पुष्कळ पाय. कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी हसलं, एक बांबू पाण्यातच वाजला, बुडबुडत.

फिलिस्तें उभा राहिला. त्यानं चर्चकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मग टोपी डोक्यावर नीट बसवली. गाडीत बसला. गाडी सुरू केली, वळवली, आणि आडवी लावली ती मोटारींच्या वाटेत. निळा दिवा लावला आणि खिडकीतून हात बाहेर काढून पुढचा रस्ता दाखवला.

रोझमेननं शिट्टी फुंकली, आणि आम्ही चर्च ओलांडलं.